खटका

क्लब बंद पडून अकरा वर्षं झाली होती.
शेडचं कुलूप तोडावं लागलं नाही,
हात लावला तर हातातच आलं.
आत पाइनच्या सुयांखाली ती बसलेली, तीन चाकांची,
स्टिअरिंगच्या जागी नुसता एक वाकवलेला दांडा,
पुढच्या दिव्याच्या खोबणीत गांधीलमाश्यांचं रिकामं घर.
लिलाववाला म्हणाला, चाळीस डॉलर,
उचलून न्यायची मात्र तुम्ही.

ऑर्लीन म्हणाली, भंगाराला अंगण मिळालं,
मी खुर्ची टाकायची म्हटलं की जागा नसते.

सीट उचलली. खाली कुण्या उंदरीणबाईनं
स्कोअरकार्डं कुरतडून बाळंतिणीची खोली केलेली.
एका तुकड्यावर पेन्सिलीनं: जज टी., पाचवं होल, सात.
त्याच्याच शेजारी खोडलेला आठ.
जमारीनं तो चिटोरा जपून खिशात घातला.
नऊ वर्षांचा आहे, काहीही जपतो.

सहा बॅटऱ्या. टोकांवर हिरवट पांढरा बुरा,
जुन्या पाळावर साचतो तसा.
खाण्याचा सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश.
फेस असा उसळला की पोरगं दोन पावलं मागे.
पाच मेलेल्याच होत्या.
सहावी मीटरवर सहा दाखवायची
आणि भार टाकला की मान टाकायची.
अशी माणसंही गावात आहेत, नावं घेत नाही.

मग अंग.
रंगाचा खडू झालेला, चिंधी फिरवावी
तर चिंधीच हिरवी होते.
तीन दिवस घासली. चौथ्या दिवशी
डाव्या कुशीवर आकडा वर आला: १४.

हा आकडा मला माहीत होता.

त्याच शेडच्या मागे, पुढून नाही,
माझे वडील पहाटे पाचला उभे राहायचे
पिशवी मिळावी म्हणून.
दोन खांद्यांवर दोन, अठरा होल,
चार डॉलर, कधी अर्धं उरलेलं सँडविच.
कुठलं गवत कुठे कललंय ते त्यांना तळपायानं कळायचं.
स्वतः त्यांनी तिथे एकदाही चेंडू मारला नाही,
म्हणजे दिवसाउजेडी नाही.
मग एका जूनमध्ये ट्रकमधून
वीस गाड्या उतरल्या, सगळ्या हिरव्या,
आणि दुपारपर्यंत बावीस माणसं घरी.
जेवताना एवढंच बोलले:
आज त्यांनी पिशव्यांना बसायला जागा केली.
त्या गाड्या शेडमध्ये लावून द्यायचं काम
शेवटच्या दिवशी त्यांनाच सांगितलं होतं.
चौदा नंबर वळत नाही म्हणाले, डावीकडे ओढते.
पुढे सॉमिल, पुढे दमा.
उजवा खांदा जन्मभर खाली राहिला.
पेटीत निजवलं तेव्हा मिस्टर गॅडसननं
खाली घडी घातलेला टॉवेल सारून
दोन्ही सारखे केले.
आई म्हणाली, काढा तो. हे कोण आहेत?

हे सगळं मी ऑर्लीनला सांगितलं,
गॅरेजच्या दारात, ती बीन्स सोलत होती.
थोडा वेळ गप्प बसली.
मग हिला घासतोस कशाला?

मी तिच्याकडे पितळी ब्रश मागितला.

नव्या बॅटऱ्यांना गाडीच्या बारापट पैसे पडले,
ते तिला अजून माहीत नाही.
वायरी कसल्या, नट आवळले, पेडल दाबलं.
खट्.
नुसता खटका, सीटखाली कुठेतरी,
कुणी दाराआड जीभ टाळ्याला लावावी तसा.
काही हललं नाही.
पुन्हा. खट्.
आणि अंगण आमच्या खालून मागे जाऊ लागलं,
म्हणजे मी रिव्हर्समध्ये होतो,
ऑर्लीनच्या टोमॅटोत.

दुसऱ्या दिवशी पत्रपेटीपर्यंत गेलो, मग चर्चपर्यंत.
जमारी मागे उभा, पिशव्यांच्या जागी,
फुटक्या चामड्याचा पट्टा पोटाशी बांधून,
येईल जाईल त्याला हात करत.
अजूनही डावीकडेच ओढते.
चर्चपुढच्या चढावर दम संपला.
उतरलो. पोराला म्हटलं, दांडा सरळ धर,
आणि मागून लावला खांदा,
कुठला ते बघितलं नाही.