कोरडं वजन

सोमवारी आणि गुरुवारी
त्र्यंबक रोडच्या त्या दवाखान्यात
अण्णांना यंत्राला जोडण्याआधी
काट्यावर उभं करतात.
चोपन्न सहाशे, सिस्टर सांगते.
चार तासांनी पुन्हा: बावन्न शंभर.
मधलं अडीच किलो निव्वळ पाणी,
जे मूत्रपिंडांनी कधीच टाकायला हवं होतं.
उरतं त्याला फाइलमध्ये म्हणतात
कोरडं वजन.

अण्णांना शब्द आवडला.
काटा आवडला नाही.
"बुडबुडा बघा, सिस्टर, कडेला गेलाय.
दहीपुलावर एक्केचाळीस वर्षं
मी काटेच दुरुस्त केले."
ती म्हणाली, "बरं, आजोबा,"
आणि लिहिलेला आकडा तसाच राहिला.

माझी ऋजुता नववीत.
तिच्या पुस्तकात वस्तुमान किलोग्रॅममध्ये,
वजन न्यूटनमध्ये,
चंद्रावर गेलात तर वजन एक षष्ठांश.
"म्हणजे अख्खा भाजीबाजार चुकीचं बोलतो?"
हाताला सुया लावलेले अण्णा म्हणाले,
"चुकीचं नाही, आळशी.
तुझ्यात माल किती, ते वस्तुमान.
त्या मालाला जमीन किती ओढते, ते वजन.
आता जमीन पंचवटीत ओढते
तशीच सिडकोतही ओढते,
मग कोण दोन शब्द वापरत बसतं?"
जरा थांबून म्हणाले,
"काट्याला मालातलं काही कळत नाही गं.
त्याला फक्त दाब कळतो."

पुढच्या गुरुवारी तिने
दुकानातला जुना स्प्रिंगचा काटा आणला,
पोपटी रंगाचा, माणूस उभा राहायचा.
चौथ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये,
अण्णा त्यावर चढले.
मी दंड धरला.
"सोड. तू धरलंस की
माझं थोडं तुझ्याकडे जातं.
काटा खोटं बोलेल."
सोडलं.
चार वर्षांत पहिल्यांदा.

बावन्न.
दार मिटलं, लिफ्ट खाली निघाली
आणि सुई अठ्ठेचाळीसवर.
एक श्वासभर.
मग पुन्हा बावन्न, आणि मधले मजले असे गेले
जणू आम्ही जागचे हललोच नाही.
तळमजल्याला थांबताना छप्पन्न,
त्यांचे गुडघे किंचित वाकले,
माझा हात अर्ध्यावर गेला आणि परत आला.
बावन्न.

"चार किलो गेले, सुई न टोचता!"
अण्णा लिफ्टमनला सांगत होते.
ऋजुता वहीत आकडे उतरवत म्हणाली,
"गेले नाहीत आजोबा. तुम्ही होतात तेवढेच होतात.
पृथ्वीनेही ओढायचं थांबवलं नव्हतं.
पायाखालचं तेवढं जरा मागे सरलं."

"तराजू आणला असतास
तर दांडी हललीसुद्धा नसती," अण्णा म्हणाले.
"माल हलका झाला, तर मापही तेवढंच हलकं.
लिफ्टमध्ये नाही, चंद्रावर नाही,
किलोला किलो."

आणि ते अडीच किलो?
सोमवारपर्यंत पेल्यापेल्याने परत येणार,
भाताच्या घासातून, चोरून खाल्लेल्या द्राक्षांतून,
हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.
ते चंद्रावरच्या तराजूतही अडीचच भरले असते.

रिक्षात अण्णा डोळे मिटून बसले.
मांडीवर काटा, काट्यावर हात.
सुई त्या हाताचं वजन दाखवत होती,
मी पाहिलं नाही.
मायको सर्कलच्या पुढे गतिरोधक आला,
रिक्षावाल्याने ब्रेक लावलाच नाही.
सीट खाली राहिली, आम्ही वर.
"किती भरलो?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.
"शून्य!" ऋजुता ओरडली.

मग सीट आली.