डावे हातमोजे

शाळेच्या हरवल्या-सापडल्याच्या खोक्यात
एकेकटे हातमोजे उरायचे,
का कोण जाणे, बहुतेक डावेच.
नडीननं त्यातला एक माईकवर चढवला
आणि बँडचं बारसं झालं.
थंडर बे, अठ्ठ्याऐंशीचा नोव्हेंबर.
आम्ही चौघं दहावीत, चौघांत मिळून दीड गिटार,
कारण एरोच्या बेसला दोनच तारा होत्या.

तालीम ऑरेस्टच्या तळघरात.
बटाट्यांची पोती, बरण्यांत आंबवलेला कोबी,
आणि बरोब्बर डोक्यावर त्याच्या बापाची खाट.
मिस्टर हावरिलुक रात्रभर बंदरावरच्या कोठारातून
जहाजांत गहू ओतायचे
आणि दिवसा झोपायचे.
ऑरेस्टची आई जिन्यात यायची,
ओठांवर बोट ठेवायची, जायची.

म्हणून मी स्नेअरवर टॉवेल पसरला,
काठ्यांऐवजी घर रंगवायचे ब्रश घेतले.
ऑरेस्टनं अ‍ॅम्प जुन्या कोटात गुंडाळला.
नडीन गायची ती
परीक्षेत मागच्या बाकाला उत्तर सांगावं तशी.
तीन हिवाळे.
आवाज करायचा नाही, हे इतकं अंगात मुरलं
की करायचा होता तो कुठे ठेवलाय, हेच विसरलो.

मग टोरोंटो. व्हॅनच्या वहीत माझं अक्षर:
चौदाशे किलोमीटर. वावा गावात पेट्रोल, उधार.
रस्त्यात मूस, घोड्याहून उंच. थोडक्यात वाचला.
आम्हीही.
पहिल्या रेकॉर्डवर कुणीसं छापलं,
‘दडपलेल्या संतापाची शिस्त’.
एरोनं ते भर हॉटेलात वाचून दाखवलं.
आम्ही हसलो, हळूच, सवयीनं.

हॅलिफॅक्सला लोक शब्दांसकट गायले
आणि आम्हालाच आमचं ऐकू येईना.
तिसऱ्या रेकॉर्डच्या वेळी कंपनीचा माणूस आला,
बूट पुसत म्हणाला, सगळं झकास, फक्त वाढवा.
वाढवलं.
ते गाणं चाललं. बर्फातल्या टायरच्या जाहिरातीतही चाललं.
त्या पैशांत नडीनचे दात झाले, एरोचं कर्ज फिटलं,
माझा घटस्फोट झाला.
ऑरेस्टनं आपला चेक फाडला नाही, वटवलाही नाही.
विनिपेगला, मोटेलच्या पार्किंगमध्ये, उणे एकतीसमध्ये
कोण कुणाला काय बोललं
ते मी लिहिलेलं नाही.
वहीत त्या तारखेला फक्त: ऑइल बदललं.

एकोणीस वर्षं.
मी शाळेची बस चालवतो. आमचीच शाळा.
सीटखाली हातमोजे सापडतात,
कोणता हात ते न बघता खोक्यात टाकतो.

हावरिलुक गेले तेव्हा चौघं आलो.
चर्चच्या खाली लांब टेबलं, लोण्यात बुडालेल्या पिरोगी.
मी म्हणालो, तुमच्या झोपेची फार काळजी घेतली आम्ही.
ऑरेस्टची आई कप खाली ठेवून म्हणाली,
‘झोपेची? अरे, त्याला एकोणऐंशीपासून काही ऐकू येत नव्हतं.
कोठारातल्या मशिनांनी कान खाल्ले होते.
तोफा डागल्या असत्या तरी घोरला असता.’
मग तुम्ही ते बोट?
‘माझं डोकं दुखायचं.’

आधी नडीनला फुटलं, तोंडात घास असताना,
मग एरोला, मग सगळ्यांना,
इतकं की पाद्री वळून बघायला लागला.

संध्याकाळी ऑरेस्टनं तळघर उघडलं.
बटाटे होते. कोट अ‍ॅम्पवर तसाच.
त्यानं तो काढला, झटकला, खुंटीला लावला.
किती ठेवू, त्यानं विचारलं, बटणावर अंगठा.
एरो म्हणाला, पूर्ण. आज पूर्ण.
तेवढ्यात वर तिची पावलं वाजली,
खाटेपर्यंत गेली
आणि तिथं थांबली.

मी टॉवेल शोधला.
स्नेअरवर पसरला,
कोपरे ओढून, नीट.