पस्तीसचं भिंग

मोजी बंदरामागच्या दुकानात
चिझुरु कॅमेरा उलटासुलटा करून बघते.
तोंडवळा आजोबांच्या काळातला, पोटात चिप.
तबकडीला मुद्दाम दिलेली करकर.
कातडं खोटं, पितळ खरं,
एका कोपऱ्यात अंगठ्यानं घासून उघडं पाडलेलं.

ती लिहिते: बॅटरी अशक्त. कडा जराशा मऊ.
झूम नाही;
जवळ जायचं तर पायांनीच जायचं.

इकेउची-सान खुर्चीच्या टोकावर,
टोपी गुडघ्यावर.
"कार्ड आतच राहिलंय."
"असू दे. चालवून बघा ना."

चारशे बारा फोटो, एकच बाई.
धक्क्यावर, पाठमोरी, पिशवी सावरत,
मासळीवाल्याशी हुज्जत घालताना,
दर वेळी तेवढीच, सहा पावलांवर.
शेवटच्यात नुसता चेहरा, उशीवर,
आणि तोही पुसट.

"तो बिघाड कॅमेऱ्याचा का?"
ते पहिल्यांदाच काही विचारतात.

चिझुरु भिंग पुन्हा उजेडात धरते.
ओरखडा नाही, बुरशी नाही.
"नाही," ती म्हणते,
"इतक्या जवळचं याला दिसत नाही."

ते मान हलवतात, बराच वेळ.
मग कॅमेरा टोपीत ठेवतात
आणि बोडक्यानंच बाहेर पडतात.
किमतीचा रकाना कोरा.