आठव्या तासाचा रकाना

जिनिव्हात दर मंगळवारी सहा हात येतात माझ्यापुढे.
कोपरापासून मनगटापर्यंत निळ्या पेनाने आखलेले चौकोन,
प्रत्येकात दोन फवारे, एक आकडा.
बाटलीला अजून नाव नाही,
पोस्टरवरचा समुद्र नाही, उघड्या छातीचा तरुण नाही.
आहे तो नुसता तीनशे सतरा.

मी नाक टेकते. लिहिते.
पहिली पंधरा मिनिटं सगळेच गोड बोलतात:
संत्र्याची साल, मिरी, गार पाण्यात चिरलेलं काहीतरी.
विकणारे याच पंधरा मिनिटांवर इमले बांधतात.
चौथ्या तासाला लाकूड खरं की रंगवलेलं ते कळतं.
आणि आठव्याला बहुतेकदा उरते एकच कस्तुरी,
कारखान्यातली, धुतलेल्या चादरीसारखी,
हल्ली सगळ्यांच्याच तळाशी तीच.

सहावा हात आग्रोनचा.
ट्राम चालवतो; मंगळवार त्याची सुट्टी.
चाळीस फ्रँक मिळतात, वर यंत्रातली कॉफी.
दिवसभर बाकावर बसून शब्दकोडं सोडवतो,
अर्धं सोडवून झोपतो.
त्याची कातडी वास खाते.
पचौली म्हणजे घालवून न जाणारा पाहुणा,
पण याच्या हातावर तोही तासाभरात चपला शोधू लागतो.
गुलाब तर दारातूनच परततो.
"आग्रोनवर टिकलं, तर जगात कुठेही टिकेल,"
असं आमचा अत्तरकार मातुराँ म्हणतो,
आणि तीनशे सतरा तीनदा नापास झाल्यापासून
आग्रोनशी बोलत नाही.

कोरडी त्वचा, मी फॉर्मवर लिहिलं होतं.
नऊ वर्षं एकटा, लाँड्रीच्या वरची खोली,
डब्यातला मासा, पाव, उभ्या उभ्या.
हे लिहिलं नव्हतं. त्याला रकाना नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, चौथी खेप.
संध्याकाळचे सहा, आठवा तास.
मी सवयीने वाकले, शून्य लिहायला पेन उघडंच होतं.

आणि तो तिथे होता.
आयरिसची भुकटी, सीडार,
मागे विझल्या काडीएवढा धूर.
मी स्वतःच्या कोपराचा वास घेतला, नाक कोरं केलं, पुन्हा वाकले.
बॅच तपासली. कागदाची पट्टी तपासली.
नवा साबण? मलम? औषध?

तो नको तितका लाजला.
"आई आलीय. पेयाहून."

फ्ली करते म्हणाला:
एक पातळ थर, वरून आच, मग साय, मग पुन्हा थर,
तीन तास, हलायचं नाही.
गावी निखाऱ्यावर; इथे ओव्हनवर.
पहिल्याच दिवशी धुराचा भोंगा वाजला,
खालची बाई भांडायला वर आली
आणि तिसरा तुकडा खाऊन गेली.
"आणि हे," हातावरचे चौकोन दाखवत तो म्हणाला,
"तिला वाटतं मला कुठल्या दवाखान्याने धरलंय.
मागच्या मंगळवारी कपड्यांच्या साबणाने घासून काढलं.
सकाळी उशीला हाच वास."

बावीस वर्षं या नाकाचा पगार खाते, खोटं सांगणार नाही:
लोण्याचा वास नव्हता त्याच्या हाताला.
सायीचाही नाही.
फक्त जागा होती.
वासाला टेकायला
जागा होती.

टिकाऊपणा: सातपैकी सहा.
मातुराँने बाटली फोडली, शँपेनची,
सूत्रात त्याने अंबर अर्धा टक्का वाढवला होता,
त्याचाच हा गुण म्हणाला.
मी ग्लास घेतला. नाक मुरडलं नाही.

नव्वद दिवस राहता येतं तिला.
मी कॅलेंडरवर फेरतपासणीची तारीख मांडली,
मार्चचा पहिला मंगळवार,
आग्रोन, डावा हात, तीनशे सतरा.

मग खोडली.
खोडरबराचा वास मात्र
बराच वेळ बोटांवर राहिला.