आठ रुपये पान

हेडाऊ, तुझ्या वीराला पाय नव्हते.
हे पहिल्यांदा कळलं ते मला,
कारण फुग्यांतली अक्षरं मी भरायचो
आणि फुग्यांना जागा नेहमी खालीच मिळायची, घोट्यांपाशी,
जिथे तू धूर सोडायचास, किंवा ढग,
किंवा कोसळलेल्या पुलाची खडी.

सीताबर्डीच्या त्या जिन्याखालच्या खोलीत
मे महिना दौतीतसुद्धा शिरायचा.
दुपारी दोनला शाई घट्ट होई.
तू बादलीत पाय सोडून, मांडीवर पाट घेऊन,
मनगटाखाली टीपकागद,
घाम वीराच्या छातीवर पडू नये म्हणून.
त्याला घाम येत नसे. शेठने तसं बजावलं होतं.

इंग्रजी तुला येत नव्हतं.
कामठीच्या छावणीतून शेरावर आलेल्या रद्दीत
ती पुस्तकं सापडली तुला, मुखपृष्ठं फाटलेली,
अमेरिकेतल्या कोण्या माणसाने कोण्या खोलीत
तुझ्यासारखंच वाकून काढलेली.
नाव त्याचंही कुठे नव्हतं. तू भिंग घेऊन शोधलंस.
"हा गडी डावखोरा आहे," म्हणालास,
"रेघ पाह्य ना बाप्पा, उलटी पडते."
तेवढीच ओळख. पुढे अठरा वर्षं
तू त्याच्याशी रेघेनेच बोलत राहिलास.

बिजलीधर. नाव शेठच्या मेहुण्याने ठेवलं.
महिन्याला बत्तीस पानं, पानाला आठ रुपये,
आणि 'चित्रे' या शब्दापुढे कार्यालयाचं नाव.
लाल रंग रेषेवर कधी बसलाच नाही,
सुतभर मागे राहायचा. शेठ छापखान्यात जाऊन ओरडे.
पण इतवारीतली पोरं सांगत,
तो इतका जोरात उडतो
की त्याचा रंगसुद्धा त्याला गाठू शकत नाही.
हे तुला सांगितलं त्या रात्री
तू पोह्यांवर तर्री दोनदा मागून घेतलीस.

खलनायक मात्र तू घराजवळून आणायचास.
बडग्याचे दात, काळ्या मारबतीचे हात,
एकदा तर जकात नाक्यावरचा कारकून, हुबेहूब.
त्याने पाहिलं, खूश झाला, दोन प्रती घेऊन गेला.

मग कागद महागला.
शेठ कॅलेंडरांकडे वळला: देव, बाळं, संत्र्यांच्या टोपल्या.
जस्ताचे ठोकळे मोडीत निघाले.
तू फक्त विचारलंस, बिजलीधर किती भरला?
सव्वीस किलो, पोत्यासकट.

त्यानंतर नंबरपाट्या. सर्कशीचे पडदे.
एका शाळेत चित्रकलेचा तास,
तिथे पोरांपुढे फुलदाणी ठेवून
तू खिडकीबाहेर बघत राहायचास. म्हणतात.
मी तेव्हा भेटत नव्हतो. का, ते आता आठवत नाही.

तुझ्या बापाच्या तेरवीला मी पहिल्यांदा
पाचपावलीतल्या घरी आलो.
माग तसाच होता, अर्ध्या लुगड्यासकट,
खड्ड्यातला माग.
बाप मला कमरेपर्यंतच माहीत, तू म्हणालास.
सकाळी उठलो की कमरेपर्यंत,
रात्री डोळे मिटताना कमरेपर्यंत,
आणि हातातून धोटा, वीज जावी तसा, इकडून तिकडे.
"पाय असतीन खाली. आवाज यायचा."

मी काही बोललो नाही.

काल तुझ्या मुलीने पत्र्याची पेटी आणून दिली.
तळाशी एक पान, पेन्सिलीचं, न छापलेलं.
बिजलीधर खड्ड्याच्या काठावर बसलाय,
बूट शेजारी काढून ठेवलेत.
पाय चुकलेत रे.
खोडून खोडून कागद झिरझिरीत झालाय,
डाव्याला तर बोटं सहा आहेत.
आणि फुगा, पहिल्यांदाच वर, मोकळ्या आभाळात,
भला मोठा सोडलाय.
आत काय लिहायचं ते कुठेच लिहून ठेवलेलं नाहीस.

बोरू तासून झालाय.
दोन वाजत आलेत, शाई घट्ट होईल.
हेडाऊ, काय म्हणतो गा तो?