तिसऱ्या सॅक्सोफोनचं पान

चौदा वाजवणारे होते तेव्हा इनासमामा कोरिया
चौदा वेगळी पानं लिहायचा, उथळसरच्या खोलीत,
खिडकीखाली, मांडीवर पाट घेऊन.
मी शाई वाळेस्तोवर फुंकर घालायचो.

प्रत्येकाचा दम त्याला ठाऊक.
दमेकरी फिलूला दर चार मात्रांनी श्वासाची जागा,
ट्रम्पेटवाल्या बावतीसला वरचा सूर, पण जेवणाआधीच.

मग दारूबंदी आली. हॉटेलांतले नाचाचे मजले
कोरडे पडले. चौदाचे नऊ, नवाचे पाच.
सिनेमावाल्यांसाठी रात्री जागून लिहिलं त्याने,
दुसऱ्यांच्या नावावर. विचारलं तर म्हणे,
"वाजला ना? मंग झाला."

शेवटी चेंदणीतल्या हळदी. लाल कोट, जरीच्या टोप्या.
तिथेही नवरदेवापुढे उलटा चालत
कोळीगीतात हळूच स्विंग मिसळायचा;
नाचणाऱ्यांची कंबर अर्धी मात्रा उशिरा पडायची,
का ते कुणालाच कळायचं नाही.

फिलू गेला त्या वर्षी मी म्हटलं,
तिसऱ्या सॅक्सोफोनचं पान आता कशाला?
तो लिहीतच राहिला.
फक्त श्वासाची खूण
या वेळी कुठेच नव्हती.
पान माझ्याकडे सरकवलं.
"फुंक. वालू दे."