होज तेत्सिक लेन्नी

माकोत कांद्याच्या शेडमध्ये काम मिळालं
आणि योलान नेनीकडे मागची खोली.
भाडं कमी, अट एकच:
रात्री तिच्या टेबलावर जेवायचं, तिच्या भाषेत.

पहिल्याच आठवड्यात विचारलं,
आवडतं, हे कसं म्हणायचं?
खसखशीच्या शेवया ढवळत ती म्हणाली,
कुठे आवडलं त्यावर आहे.
डोळ्यांना भावलं तर तेत्सिक.
जिभेला रुचलं तर ईझलिक.
आणि वर्षानुवर्षं, कारण न सापडता,
तर सेरेत.
मी शेवया तोंडात धरून सेरेत म्हणाले.
तिने चमच्यानेच माझं वाक्य खोडलं.

तेत्सिक लगेच जमलं.
त्यात मी कर्ता नाहीच.
तिचं हिरवं फाटक, वळचणीला टांगलेल्या कांद्याच्या वेण्या,
तेच वाक्याचे धनी,
मी आपली कडेला ‘मला’ होऊन उभी.
आईच्या भाषेतही अशीच उभी असते की मी:
मला आवडतं, मला भूक लागते, मला आठवतं.
सगळं चालत माझ्याकडे येतं,
मी कुठे जात नाही.

सेरेतने मात्र घाम काढला.
पोहायला आवडतं, तर सेरेतेक.
हा कांदा आवडतो, तर सेरेतेम.
शेपूट का बदललं?
कारण आता समोर नेमकं काहीतरी आहे, ती म्हणाली.
क्रियापदाला ते आधी कळतं.
माणसाला मागाहून.

शेडमधला द्रागोल्युब सर्बियाचा,
पाच वर्षं झाली तरी सगळ्या शेपट्यांचा घोळ.
फोर्कलिफ्ट सुरू झाली की तिला थोपटून म्हणतो,
सेरेतलेक.
बायका हसून खाली बसतात.
त्या एका शब्दात मी आहे, तू आहेस,
मध्ये ठेवायला जागासुद्धा नाही,
आणि हा तो एका यंत्राला देतो,
दिवसातून सहा वेळा.

योलान नेनी नाही हसली.
म्हणाली, आमच्या वेन्देलचा एकच शब्द होता.
मिंदेद्य. काहीही चालेल.
चहा की कॉफी? मिंदेद्य.
मासा की कोंबडी? मुलगी की मुलगा?
मिंदेद्य, मिंदेद्य.
एक्केचाळीस वर्षं मी दोघांच्या वतीने निवडत आले.
शेवटच्या दिवशी विचारलं, खिडकी लावू?
तर म्हणाला, इन्काब उघडीच.
इन्काब म्हणजे त्यापेक्षा, तिने मला समजावलं,
दोन गोष्टी समोर असतात तेव्हा.
मग उठून भांडी विसळायला गेली.
मी वहीत लिहिलं: इन्काब.
पुढे उदाहरण लिहिलं नाही.

वडीलधाऱ्यांना ‘कसे आहात’ असं थेट विचारायचं नसतं,
हे शेजारच्या झोम्बोरने शिकवलं, वय वर्षं आठ.
होज तेत्सिक लेन्नी, असं म्हण.
मी शब्द सुटे करून पाहिले.
कसं. आवडतंय. असणं.

तेव्हापासून रोज सकाळी, बूट घालता घालता,
होज तेत्सिक लेन्नी, योलान नेनी?
आणि स्वयंपाकघरातून रोजचंच उत्तर,
मेग्वाद्योक. आहे आपली.

नोव्हेंबरात एकदा उत्तर आलं नाही.
दारापाशी जाऊन पुन्हा विचारलं.
ती पलंगावर बसलेली, एक मोजा पायात, एक हातात.
बराच वेळ विचार करत होती,
जणू हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

गुडघा नाही आवडत, ती म्हणाली.
हा उजेड आवडतो.
बाकीचं संध्याकाळी सांगते.
आणि तुला?

शेडचा भोंगा वाजायला दहा मिनिटं होती.
माझ्या बोटांना कालच्या कांद्याचा वास.
मी नेकेम म्हणाले, म्हणजे मला,
आणि कर्ता शोधत
तिथेच उभी राहिले.